नोटिशीशिवाय

पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या पदपथावर ताडपत्री आणि प्लॅस्टिकच्या कागदाचे एक घर होते. त्याची किंमत २,५०० रुपये. घेणारा सेलमकडचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने गावातले काम संपले म्हणून १९६०-६१ च्या सुमारास तो मुंबईत आला आणि दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. बायको आणि तीन मुली त्याच घरात राहत. पैसे घेणारा वस्तीचा दादा. दुसरे घर तुळशीवाडीतले. त्याचा मालक संगमनेरचा. गावी जोडे-चपला शिवून दिवसाला ७-८ रुपये सुटत. राहते घर पडले तेव्हा त्याने मुंबई गाठली आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. जागेसाठी त्याने एका गुंडाला ३०० रुपये मोजले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. एकाची शंभराहून जास्त दिवसांची मजुरी आणि दुसऱ्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार घरात गेला.

हा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालपत्रात आहे. निकाल १० जुलै १९८५ चा. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने तो देशभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. ओल्गा टेलिस या पत्रकार. घरे त्यांची नव्हती. ती या दोघांसारख्यांची होती. घर घेताना माणूस जे जे करतो ते सगळे या दोघांनी केले होते. जागा पाहिली, भाव ठरवला, पैसे मोजले, सामान आणले, उभे केले. फक्त ज्याने पैसे घेतले त्याची ती जमीन नव्हती. जमीन सरकारी होती, आणि सरकारने त्यांच्याकडून काहीच घेतले नव्हते. त्यामुळे शेजाऱ्यापासून दादापर्यंत सगळ्यांच्या लेखी ते घरमालक होते, आणि सरकारच्या लेखी रस्त्यातला अडथळा.

अशा अडथळ्याचे काय करायचे, हे १८८८ सालीच लिहून ठेवले होते. त्या वर्षीच्या मुंबई महानगरपालिका कायद्याचे कलम ३१४ आयुक्तांना अधिकार देते की, रस्त्यावर वा पदपथावर कोणी काही उभारले तर ते नोटीस न देता हटवावे. ज्या काळी ते लिहिले गेले, त्या काळी डोळ्यांपुढे असणार दुकानाची पुढे आलेली फळी, रस्त्यात मांडलेली पेटी, कोणाचा तरी ओटा. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच कलमाखाली चूल, अंथरूण आणि तीन मुलींसकट एक संसार आला.

नळही सरकारचा, डंपरही सरकारचा

सरकारी जमिनीवरच्या घरांशी मुंबईचे सरकार कसे वागले, याचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात धोरण साधे होते: झोपडपट्टी म्हणजे घाण, ती काढायची. केंद्राने १९५६ मध्ये गलिच्छ वस्त्यांबाबत जो कायदा केला त्यात सुधारणा आणि निर्मूलन असे दोन्ही शब्द होते, पण जोर दुसऱ्यावर होता. मात्र काढलेले लोक जाणार कुठे, याचे उत्तर शहराकडे नव्हते. गिरण्या, गोदी, बांधकाम आणि रासायनिक कारखाने यांना माणसे हवी होती. त्या माणसांना परवडेल असे भाड्याचे घर कोणी बांधत नव्हते.

मग सत्तरच्या दशकात सूर बदलला. १९७१ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा झोपडपट्टी कायदा केला आणि १९७३ मध्ये झोपडपट्टी सुधार मंडळासाठी वेगळा कायदा झाला. जी वस्ती काढता येत नाही तिथे निदान नळ, संडास, गटार आणि दिवे द्यावेत, असे ठरले. याचा अर्थ असा झाला की सरकार ज्या घराला बेकायदा म्हणत होते, त्याच्याच दारात सरकारी पैशाने पाणी येऊ लागले. नळ आला की माणूस भिंतीत विटा घालतो. वस्ती पक्की होत गेली.

याच दशकात दुसरा हातही चालू होता. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात मोकळ्या जमिनींवरील अनधिकृत वहिवाट रोखण्याचा आणि तिथल्या लोकांना झटपट हटवण्याचा कायदा झाला. ४ जानेवारी १९७६, रविवार. त्या एका दिवशी सरकारी, महापालिकेच्या आणि गृहनिर्माण मंडळाच्या जमिनींवरच्या झोपड्यांची गणना झाली. आकडे असे निघाले: १,६८० वस्त्या, ६,२७,४०४ कुटुंबे, सुमारे २८ लाख माणसे. त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के कुटुंबांची कमाई महिना ६०० रुपयांच्या आत होती.

ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाले. झोपडीपुढे कुटुंबप्रमुख आणि घरची मंडळी उभी, त्यांचा फोटो, खाली क्रमांक आणि सरकारी शिक्का. हा कागद जमिनीची मालकी देत नव्हता. तो इतकेच सांगत होता की गणनेच्या दिवशी हे घर इथे होते आणि हे लोक त्यात राहत होते. तरीही मुंबईच्या गरीब घरात पितळी भांड्यांपेक्षा जपून ठेवलेली वस्तू कोणती, तर हा पास. पावसात घर गळू लागले की तो आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत जाई, कारण घर पडले तर ते पुन्हा उभारता येते. पास गेला तर ते घर कधी होते हेच सिद्ध होत नाही.

पण कागद असला म्हणजे घर वाचले असेही नव्हते. मानखुर्दजवळची जनता कॉलनी हे त्याचे उदाहरण. शहरातल्या झोपड्या हटवून तिथल्या लोकांना महापालिकेनेच पन्नासच्या दशकाच्या आसपास तिथे नेऊन बसवले होते. पुढे शेजारी अणुसंशोधन केंद्र वाढले आणि त्याला ती जागा हवीशी झाली. रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयांत गेले, दिल्लीपर्यंत पोहोचले. जोकिन अर्पुथम हा या वस्तीतून घडलेला नेता. त्याला पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मे १९७६ मध्ये पोलीस बंदोबस्तात कॉलनी पाडली गेली आणि सुमारे ७० हजार माणसे ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पात नेऊन टाकली गेली. सरकारने बसवलेली वस्ती सरकारनेच उठवली.

त्याच्या काही आठवडे आधी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात निकाल दिला होता. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले होते. त्या चारांत एक होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. संविधानाचा अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, त्या निकालात मिटला गेला. काही वर्षांनी त्याच अनुच्छेदाचा हवाला देत पदपथावरची माणसे चंद्रचूड यांच्यापुढे उभी राहणार होती.

जुलै १९८१

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. पोलीस आयुक्तांना महापालिकेला मदत करण्याचे आदेश मिळाले. दिलेले कारण दयेचे होते: हे जगणे माणसाला शोभणारे नाही, या झोपड्या तकलादू आहेत, पावसाळ्यात तिथे कोणी सुखाने राहू शकत नाही. पावसात राहणे कठीण म्हणून भर पावसात घर पाडायचे, असा तो निर्णय होता.

दहा दिवसांनी, २३ जुलैला, कारवाई झाली. महामार्गालगतचे ते अडीच हजारांचे घर पाडले गेले. सेलमच्या मजुराला बायको-मुलींसह बसमध्ये बसवून गावाकडे रवाना करण्यात आले. बायको-मुली तिकडेच राहिल्या, तो मात्र कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा एका पदपथावर राहू लागला. ज्या कारणाने तो वीस वर्षांपूर्वी गाव सोडून आला होता ते कारण बसने बदलणार नव्हते.

महामार्गाजवळच कामराज नगर नावाची वस्ती होती. १९६०-६१ पासून ती तिथे असल्याचे रहिवासी सांगत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही असे तिथे मान्यही झाले होते. तरी २३ जुलैला आपल्याला एस.टी.च्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेले, असा त्यांचा आरोप होता. त्या प्रवासात दोन बाळे जन्मली आणि दोन दगावली, अशी नोंद निकालपत्रात आहे.

त्या पावसाळ्यात शहरात दोन बाजू स्पष्ट दिसत होत्या. पदपथ मोकळे व्हावेत म्हणून कारवाईचे स्वागत करणारा मोठा वर्ग होता आणि त्याची तक्रार खोटी नव्हती. पदपथ भरले की म्हातारी माणसे आणि शाळेची मुले वाहनांच्या रस्त्यात उतरतात. दुसऱ्या बाजूला निवारा हक्काची चळवळ याच काळात आकाराला आली. चित्रपटकार आनंद पटवर्धन यांनी या पाडापाडीवर ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. तो १९८५ मध्ये आला. ज्यांची घरे पाडली जात होती त्यांच्यापैकी कित्येकजण याच शहराचे रस्ते आणि इमारती बांधण्याच्या कामावर होते, ही गोष्ट तो माहितीपट पाहणाऱ्याला विसरू देत नाही.

अंतुले यांची कारकीर्द मात्र लवकर संपली. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. आदेश देणारा गेला, पण आदेशावरचा वाद दिल्लीत चालत राहिला.

पाच न्यायमूर्तींपुढे एक पदपथ

याचिका दोन गटांत होत्या. पहिल्या गटात पदपथावरचे रहिवासी आणि ओल्गा टेलिस. दुसऱ्यात कामराज नगरचे आणि माहीमला तुळशी पाइप रोडलगतच्या झोपड्यांतले लोक, नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या दोन संघटना आणि एक पत्रकार. बाजू मांडणाऱ्यांत इंदिरा जयसिंग होत्या. प्रकरण घटनापीठापुढे गेले. पीठावर सरन्यायाधीश चंद्रचूड, तुळजापूरकर, फझल अली, चिन्नप्पा रेड्डी आणि वरदराजन असे पाच न्यायमूर्ती होते.

महापालिकेचा पहिला मुद्दा वकिली होता. याचिकाकर्त्यांनी उच्च न्यायालयात स्वतःच मान्य केले होते की पदपथावर झोपडी बांधण्याचा आपल्याला मूलभूत हक्क नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर आपण पाडकामाला अडथळा आणणार नाही. मग आता हक्काची भाषा कशी? न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. मूलभूत हक्क हा व्यक्तीच्या लाभासाठी असतो तसा सगळ्या समाजाच्या हितासाठीही असतो; अडचणीत सापडलेल्या माणसाने तोंडी सोडून दिला म्हणून तो संपत नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा. याचिकाकर्ते म्हणत होते की घर गेले तर काम जाते. मजुरी मिळते ती वस्तीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, आणि भाड्याने परवडणारी दुसरी जागा शहरात नाही. म्हणून घर काढून घेणे म्हणजे उपजीविका काढून घेणे, आणि उपजीविकेशिवाय जीवित नाही. हे न्यायालयाने मान्य केले. ज्याच्यामुळे जगणे शक्य होते ते साधन हिरावून घेतले तर जीविताच्या हक्काला अर्थ उरत नाही, असे चंद्रचूड यांनी लिहिले. अनुच्छेद २१ मध्ये उपजीविका येते, हे भारतीय कायद्यात त्या दिवसापासून पक्के झाले. निकाल इथेच थांबला असता तर त्याला गरिबांचा विजय म्हणता आले असते.

पुढचा भाग कठीण होता. कायद्याने ठरवलेल्या योग्य पद्धतीने हा हक्कही मर्यादित करता येतो, आणि पदपथ चालण्यासाठी असतो. सार्वजनिक जागा परवानगीशिवाय खासगी वापरासाठी अडवण्याचा हक्क कोणालाच नाही. म्हणजे पाडण्याचा अधिकार महापालिकेकडे राहिला. प्रश्न उरला तो नोटिशीचा.

आयुक्त द. म. सुकथनकर यांच्या प्रतिज्ञापत्राचा रोख असा होता की नोटीस देऊन काही साधणार नाही: अतिक्रमण उघड आहे, त्यावर ऐकून घ्यायचे काय? पदपथावरच्या लोकांत गुन्हेगारी प्रवृत्ती जास्त असते, असाही दावा सरकारी बाजूने झाला. न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही. हे लोक कोणाला त्रास द्यायला किंवा कोणाचा अपमान करायला तिथे बसलेले नाहीत. परिस्थितीने त्यांना तिथे आणले आहे, असे निकालात आहे. आणि सुनावणीबद्दल न्यायालयाने जे म्हटले ते आजही वाचण्यासारखे आहे. कलम ३१४ आयुक्ताला नोटीस न देण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. मुभा वापरताना त्याने विचार करायचा असतो. अपवाद म्हणून, खरोखर निकड असेल तेव्हाच, नोटिशीशिवाय पाडता येईल. एरवी ऐकून घ्यावेच लागेल. ऐकून काही फरक पडणार नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्याने ऐकायचे त्याला नाही. शिवाय सुनावणीला दोन बाजू असतात. तिच्यातून योग्य निर्णय होण्याची शक्यता वाढते ही एक, आणि ज्याचे घर जाणार त्याला माणूस म्हणून समोर बसवून कारण सांगितले जाते ही दुसरी.

मग याचिकाकर्त्यांची सुनावणी आयुक्तांनी पुन्हा घ्यायची का? इथे निकाल एक वेगळेच वळण घेतो. न्यायालय म्हणाले, आयुक्तांनी जी संधी नाकारली ती आम्हीच दिली आहे; दोन्ही पक्षांनी वस्तुस्थिती आणि कायदा दोन्हींवर आमच्यापुढे भरपूर बोलून घेतले आहे. तेव्हा फेरसुनावणी नको. तुमचे ऐकून घ्यायला हवे होते हे तुमचे म्हणणे बरोबर, ते आम्ही ऐकले, आणि आता जागा सोडा, असा त्याचा सरळ अर्थ.

सोडण्याच्या अटी मात्र ठरवून दिल्या. १९७६ च्या गणनेत ज्यांची मोजणी झाली, किंवा योगायोगाने होऊन गेली, त्या पदपथावरच्या रहिवाशांना मालवणीला किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी. पण आधी जागा आणि मग हटवणे, अशी अट नाही. वीस वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय हटवू नयेत, आणि हटवल्या तर पर्यायी जागा द्यावी. कमी उत्पन्न गटासाठी जागतिक बँकेच्या मदतीने होणाऱ्या योजना, ज्यांतून ८५ हजार छोटे भूखंड मिळायचे होते, नेटाने राबवाव्यात. आणि चालू पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही हलवू नये. कामराज नगर महामार्गाच्या जोडरस्त्यावर वसले होते आणि त्याला कधी मान्यता नव्हती. त्यामुळे तिथल्यांना पर्यायी जागा देण्याचे बंधन नाही.

दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, चंद्रचूड निवृत्त झाले.

तारीख हाच सातबारा

या निकालाचा पुढे काय उपयोग झाला? गरिबांच्या बाजूचे वकील त्यातून उपजीविकेचा परिच्छेद वाचून दाखवत आले आणि महापालिकेचे वकील पदपथाचा. दोघांनाही आपापला भाग सापडतो. पण प्रशासनाने सगळ्यात घट्ट धरला तो तिसराच भाग: १९७६ च्या गणनेतले आणि गणनेबाहेरचे. सरकारी जमिनीवरच्या घराचे भवितव्य त्या घराच्या वयावर ठरेल, हे तत्त्व न्यायालयाने शोधून काढले नव्हते, ते आधीपासून होते. न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

त्यातून मुंबईच्या राजकारणाला एक चलन मिळाले. १९७६ ची मर्यादा १९८५ पर्यंत सरकली, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग पैसे भरून १ जानेवारी २०११. एका बोळातल्या दोन खोल्या, भिंत एकच. एकाकडे १९९४ चे रेशनकार्ड, दुसऱ्याकडे १९९६ चे. पहिला पात्र, दुसरा अपात्र. ‘कट-ऑफ’ हा शब्द मुंबईच्या झोपडपट्टीत मराठी, तमिळ आणि भोजपुरी बोलणाऱ्या सगळ्यांना सारखाच कळतो.

पदपथावरचे लोक या व्यवस्थेच्या काठावरच राहिले, कारण गणना करणाऱ्यांच्या कामाच्या यादीत पदपथ नव्हतेच. मग भायखळ्याच्या परिसरात काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये पदपथावरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. पुढच्या वर्षी तिथल्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. सरकार मोजत नाही तर आपणच आपल्याला मोजायचे, ही त्यांची रीत होती. त्याच वर्षी नरिमन पॉइंटजवळच्या संजय गांधी नगरची घरे पाडली गेली तेव्हा शबाना आझमी आणि आनंद पटवर्धन यांनी रहिवाशांबरोबर उपोषण केले. अखेर त्या कुटुंबांना गोरेगावला जागा मिळाली. कोर्टात जी पर्यायी जागा हक्काने मिळत नव्हती ती रस्त्यावर मिळाली. अर्थात ज्यांच्यासाठी प्रसिद्ध माणसे उपाशी बसली त्यांनाच.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप सरकारने चित्र पालटले. ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरे, हे वचन घेऊन ते सत्तेवर आले आणि डिसेंबरमध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. तत्त्व असे की झोपडीखालची जमीन महाग आहे. बिल्डरला तिथे जादा बांधकाम विकू द्यावे आणि त्याच्या नफ्यातून मूळ रहिवाशाला २२५ चौरस फुटांचे घर मिळावे. काल जो अडथळा होता त्याच्या सहीवर आज प्रकल्प अडू लागला. बिल्डरची माणसे संमतीपत्रे घेऊन बोळाबोळांत फिरू लागली. पण आत शिरायचे दार तेच जुने होते: पात्रतेची यादी, म्हणजे ‘परिशिष्ट-२’, आणि तीत नाव असण्यासाठी तारखेचा पुरावा.

ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांच्यासाठी डंपर होताच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांबाबत मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्यांनी ७,००० रुपये भरले तर त्यांना उद्यानाबाहेर जागा, बाकीच्यांनी निघायचे. जंगल वाचले पाहिजे याबद्दल वाद नव्हता. पण रोजंदारीवरच्या माणसाला ७,००० रुपये एकरकमी आणायला सांगणे हीच अनेकांना अपात्र ठरवण्याची वाट झाली. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन होते. सरकार आले, आणि त्याच हिवाळ्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना १९९५ नंतरच्या ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. मेधा पाटकर यांचे ‘घर बचाओ घर बनाओ’ आंदोलन त्यातून उभे राहिले. पक्षश्रेष्ठींनी लक्ष घातल्यावर मोहीम थंडावली आणि तारीख पुढे सरकली.

न्यायालयांचा सूरही बदलला होता. २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या प्रश्नावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना परिस्थितीने तिथे आणले असे त्याच न्यायालयाने लिहिले होते, ती हीच माणसे. जमीन महाग झाली होती, आणि ओल्गा टेलिस निकालातला करुणेचा भाग आता कमी वेळा वाचला जात होता.

तरी त्या निकालातला नोटिशीचा धागा तुटला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरच्या बुलडोझर कारवायांवर निर्णय दिला. आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. पाडायचेच असेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, पाडकामाचे चित्रीकरण, आणि हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः जबाबदारी. १९८५ च्या निकालाने जे तत्त्व म्हणून सांगितले होते त्याची ही तपशीलवार नियमावली झाली.

या नियमावलीला दोन अपवाद आहेत. न्यायालयाचा पाडकामाचा आदेश असेल तिथे ती लागू नाही. आणि बांधकाम रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवर असेल तर तिथेही नाही. ‘ऐकून काय घ्यायचे’ या प्रश्नाला न्यायालयाने १९८५ मध्ये उत्तर दिले होते ते नेमके पदपथावरच्या माणसासाठी. चाळीस वर्षांत त्या उत्तराचा फायदा गच्चीवर जादा खोली चढवणाऱ्यापासून परवान्याबाहेर मजले बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांना मिळाला. ज्यांच्या घरांवरून हा खटला उभा राहिला, ते संगमनेरचे आणि सेलमचे घरमालक मात्र नव्या नियमांच्या अपवादात मोडतात. १९८५ चा निकाल रद्द झालेला नाही. कलम ३१४ वापरताना आयुक्ताने विचार करायचा असतो, हे आजही कायदा आहे. पण पदपथावरच्या माणसाला १५ दिवसांची हमी नाही. त्याला मिळणारी नोटीस अजून आयुक्ताच्या मर्जीवर आहे, आणि १९८१ मध्ये भांडण झाले होते ते याच मर्जीविरुद्ध.